धनुर्वात आणि मज्जातंतूंची गांठ

खेळतां खेळतां मुलाच्या तळपायांत खिळा जातो. रक्त फारसें येत नाहीं. जखम इतकी लहान असते कीं, संध्याकाळपर्यंत मूल ती विसरूनही जातें. घरांतील वडील माणसें मात्र ती विसरत नाहींत. कोणी हळद दाबतें, कोणी जखम साबणानें धुवायला सांगतें, आणि कोणीतरी म्हणतेंच, "आधीं धनुर्वाताचें इंजेक्शन देऊन आणा." ह्या एका शब्दांत पिढ्यान् पिढ्यांची भीति सांठलेली आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ह्या व्याधीला धनुःस्तंभ असें नांव आहे. प्रथम जबडा आंवळतो, मग मान ताठते, आणि पुढें पाठीचे स्नायु असे आखडतात कीं, सारें शरीर ताणलेल्या धनुष्याप्रमाणें वांकतें. दार आपटलें किंवा डोळ्यांवर उजेड पडला, तरी नवा झटका येतो. हें सर्व होत असतां रोग्याची शुद्धि बहुधा कायम असते, ही त्यांतील सर्वांत दारुण गोष्ट.

हा अनर्थ ज्या विषानें घडतो, तें प्राण घेण्यास एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाइतकेंही लागत नाहीं. इतक्या अल्प विषानें एवढा धिप्पाड देह कसा जखडला जातो, हें कोडें शंभर वर्षें शास्त्रज्ञांपुढें होतें. तें १९९२ सालीं सुटलें. तें सुटण्यासाठीं मात्र एक मज्जातंतु दुसऱ्याशीं बोलतो कसा, हें आधीं समजणें अवश्य होतें. आणि तें बोलणें ज्या कांहीं प्रथिनांच्या हातीं आहे, त्यांची ओळख पटणेंही अवश्य होतें.

मज्जातंतु म्हणजे तारायंत्राच्या तारा, ही उपमा बऱ्याच दिवसांपासून रूढ आहे. ती सोयीची खरी, परंतु एका महत्त्वाच्या जागीं ती फसते. तारायंत्राची तार एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यापर्यंत अखंड असते. मज्जातंतु तसे नसतात. इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गोल्जी ह्याचें मत होतें कीं, मेंदूंतील सर्व तंतु एकमेकांत मिसळून त्यांचें एक सलग जाळें झालें आहे. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल ह्यानें गोल्जीच्याच रंगविण्याच्या पद्धतीनें मेंदूचे पातळ काप तपासले आणि उलट निष्कर्ष काढला: प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे, आणि तिच्या तंतूचें टोंक दुसरीच्या अगदीं जवळ येऊन थांबतें. १९०६ सालीं दोघांना मिळून एकच नोबेल पारितोषिक देण्यांत आलें, आणि तें स्वीकारतांनाही दोघे आपापल्या मतावर ठाम राहिले. पुढें काहालचेंच म्हणणें खरें ठरलें. ह्या भेटीच्या जागेला इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन ह्यानें १८९७ सालीं 'सिनॅप्स' हें नांव दिलें होतें. दोन पेशींमधील ही फट मिलिमीटरच्या सुमारें पन्नास हजाराव्या भागाएवढी आहे. फट कितीही लहान असली, तरी ती ओलांडल्यावांचून निरोप पुढें जात नाहीं.

ती ओलांडतें कोण? विजेची ठिणगी कीं एकादें रासायनिक द्रव्य? ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील ओटो लोवी ह्याला ह्या प्रश्नाचा उलगडा करणारा प्रयोग स्वप्नांत सुचला, अशी त्यानेंच सांगितलेली हकीकत आहे. मध्यरात्रीं उठून त्यानें तो चिठोऱ्यावर टिपला. पण सकाळीं आपलेंच अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्रीं तोच विचार पुन्हां मनांत येतांच तो तडक प्रयोगशाळेंत गेला. त्यानें बेडकांचीं दोन हृदयें घेऊन तीं खारट द्रवांत धडधडत ठेवलीं. पहिल्या हृदयाची गति मंद करणारी नस विजेनें चेतविली. हृदय सावकाश चालूं लागलें. मग त्याच्या भोंवतालचा द्रव घेऊन तो दुसऱ्या हृदयावर सोडला. ह्या हृदयाच्या नसेला कोणी हातही लावलेला नव्हता. तरी तेंही सावकाश चालूं लागलें. निरोप द्रवांतून गेला होता. १९२१ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. तें निरोप्या द्रव्य ॲसिटिलकोलीन होतें, हें पुढें ठरलें, आणि १९३६ सालीं लोवी व इंग्लंडचे हेन्री डेल ह्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. लोवीला सांपडलेला हा पहिला निरोप 'धांव' असा नव्हता. तो 'सावकाश' असा होता. तिचें महत्त्व पुढें कळून येईल.

ह्यापुढची पायरी लंडनमध्यें बर्नार्ड कॅट्झ ह्यानें गांठली. हिटलरच्या जर्मनींतून १९३५ सालीं इंग्लंडांत आलेल्या ह्या शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या वर्षांत, मज्जातंतु जेथें स्नायूला भेटतो, त्या जागीं अत्यंत नाजूक उपकरणें लावून विजेचे सूक्ष्म चढउतार मोजले. तंतु स्वस्थ असतांही स्नायूंत मधून मधून चिमुकले धक्के उमटत, आणि ते सारे जवळजवळ सारख्याच मापाचे असत. तंतूंतून खरा निरोप आला, म्हणजे मोठा धक्का उमटे. पण तोही त्या लहान धक्क्यांच्याच पटींत. ह्यावरून त्यानें अनुमान केलें कीं, निरोप्या द्रव्य नळाच्या धारेसारखें वाहत नाहीं. तें मापून बांधलेल्या पुड्यांनीं सुटतें. एकेका पुडींत त्याचे कांहीं हजार रेणु असतात. त्याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं तंतूच्या टोंकांत दाटीवाटीनें बसलेल्या अतिसूक्ष्म गोल पिशव्या दिसल्या, आणि पुडीचा अर्थ उलगडला. कॅट्झनें आणखी असें दाखविलें कीं, भोंवतालच्या द्रवांत कॅल्शियम नसेल, तर तंतूंतून निरोप येऊनही पिशव्या सुटत नाहींत. १९७० सालीं त्यालाही नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां खरा प्रश्न उभा राहिला. भरलेली पिशवी तंतूच्या आवरणाला टेकून बसली आहे. ती आपोआप फुटत नाहीं. हुकूम येतांच मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागांत आपलें तोंड आवरणाशीं एकरूप करून सारें द्रव्य बाहेर टाकते. हें घडतें कसें? पिशवीचें आवरण आणि तंतूचें आवरण हे दोन्ही तेलकट पापुद्रे आहेत, आणि दोहोंच्या पृष्ठभागावर पाण्याचा थर घट्ट धरलेला असतो. पाण्यावरील तेलाचे दोन थेंब सहज एक होतात; हे पापुद्रे तसे होत नाहींत. त्यांना बळानेंच जवळ आणावें लागतें.

तें बळ तीन प्रथिनांचें आहे. एकाचें मूळ पिशवींत रोंवलेलें आहे. त्याचें नांव सिनॅप्टोब्रेव्हिन. उरलेलीं दोन तंतूच्या आवरणाला धरून असतात. त्यांचीं नांवें सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. हीं तिन्ही लांब दोऱ्यांसारखीं प्रथिनें आहेत. पिशवी जवळ आली, म्हणजे सिनॅप्टोब्रेव्हिनचा एक, सिंटॅक्सिनचा एक आणि स्नॅप-२५ चे दोन असे चार पेड एकमेकांत गुंफले जाऊं लागतात. चौपेडी वेणी घालावी, तशीच ही क्रिया होते. वेणी दूरच्या टोंकापासून मुळाकडे घट्ट होत येते, आणि ती जसजशी आंवळते, तसतसे दोन्ही पापुद्रे एकमेकांकडे ओढले जातात. शेवटचा पीळ बसला कीं पापुद्रे एक होतात आणि पिशवीचें तोंड बाहेर उघडतें. ह्या वेणीची रचना १९९८ सालीं स्फटिकाच्या क्ष-किरण परीक्षेनें अणूअणूंच्या तपशिलासह दिसून आली.

परंतु वेणी हुकुमावांचून पुरी झाली, तर सर्व शरीरांत गोंधळ माजेल. म्हणून ती अर्धवट गुंफून रोखून धरलेली असते, आणि तिच्यापाशीं एक द्वारपाल असतो. त्या प्रथिनाचें नांव सिनॅप्टोटॅग्मिन. मज्जातंतूंतून विजेचा निरोप टोंकाशीं आला कीं तेथील कॅल्शियमचे दरवाजे उघडतात. पेशीच्या आंत जितकें मोकळें कॅल्शियम असतें, त्याच्या हजारों पटींनीं तें बाहेर असतें. त्यामुळें तें आंत लोटतें. सिनॅप्टोटॅग्मिन त्याला पकडतें, जवळच्या पापुद्र्यावर झेप घेतें आणि वेणीचा अखेरचा पीळ बसूं देतें. थॉमस स्यूडहॉफ ह्या जर्मन शास्त्रज्ञानें अमेरिकेंत ह्याचा निर्णायक पुरावा दिला. ज्यांच्या सिनॅप्टोटॅग्मिनची कॅल्शियमची ओढ निम्म्यानें कमी केलेली आहे, असे उंदीर त्याच्या प्रयोगशाळेंत तयार करण्यांत आले. आणि त्यांच्या मज्जातंतूंची कॅल्शियमला दाद देण्याची शक्तिही तितकीच उतरली. मंक-१८ ह्या दुसऱ्या एका साहाय्यक प्रथिनाची गोष्ट याहून विलक्षण आहे. तें मुळींच नसलेल्या उंदरांच्या गर्भांत मेंदूची घडण व्यवस्थित होते, पण त्या मेंदूंत एकही पिशवी सुटत नाहीं. तो मेंदू मुका असतो, आणि पिल्लें जन्मतांच मरतात. पिशव्यांच्या वाहतुकीचा हा सारा व्यवहार उलगडल्याबद्दल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि स्यूडहॉफ ह्या तिघांना २०१३ सालचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

वेणी घातली, तशी ती सोडविलीही पाहिजे. नाहीं तर पुढच्या पिशवीसाठीं दोरे मोकळे राहणार नाहींत. हें काम एनएसएफ नांवाचें आणखी एक प्रथिन शक्ति खर्चून करतें. त्याच्या शोधाशीं मुंबईचा संबंध आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी आणि अमेरिकेचे सीमोर बेंझर ह्यांनीं १९७६ सालीं फळमाश्यांच्या कांहीं विचित्र जातींचें वर्णन प्रसिद्ध केलें. हवा थंड असेपर्यंत ह्या माश्या सर्वसाधारण माश्यांसारख्याच वावरत. ऊब वाढली कीं जागच्या जागीं लुळ्या पडत. त्यांतील एका जातीला 'बेशुद्ध' अशा अर्थाचें नांव दिलें गेलें, कारण थंडाव्यांत परत आणल्यावरही ती लवकर सांवरत नसे. ह्या माशीचा दोष कोठें आहे, हें १९९५ सालीं कळलें. तिचें एनएसएफ बिघडलेलें होतें. ऊब वाढली कीं तें काम थांबवी, वापरलेल्या वेण्या सुटेनाशा होत, आणि माशीचे तंतु गप्प बसत. बरणींतल्या एका लुळ्या माशीनें दाखविलेलें वर्म माणसाच्याही प्रत्येक मज्जातंतूच्या टोंकाशीं आहे.

आतां धनुर्वाताकडे वळतां येईल. ह्या रोगाचा जंतु माती आणि जनावरांचें शेण ह्यांत सर्वत्र असतो. गंज त्याचें कारण नव्हे; खोल आणि हवा न लागणारी जखम त्याला मानवते. १८८९ सालीं बर्लिनमध्यें जपानी शास्त्रज्ञ किटासाटो ह्यानें हा जंतु निर्भेळ स्वरूपांत वाढविला, आणि पुढच्याच वर्षीं त्यानें बेरिंगबरोबर त्याच्या विषाचा उतारा प्राण्यांत निर्माण करून दाखविला. तें विष शरीरांत नेमकें काय करतें, हें मात्र इटलींतील पादुआच्या कॅझारे माँटेकुक्को आणि जांपिएत्रो स्किआव्हो ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९२ सालीं शोधून काढलें. हें विष म्हणजे एक कातर आहे. सिनॅप्टोब्रेव्हिन ही एकशें सोळा मण्यांची माळ मानली, तर ही कातर शहात्तराव्या आणि सत्त्याहत्तराव्या मण्यांमधला धागा कापते. दुसऱ्या कशालाही ती हात लावीत नाहीं. तेवढ्यानें चौपेडी वेणीचा एक पेड तुटतो आणि पिशवी आवरणाजवळ तशीच पडून राहते. शिवाय एक कातर एक माळ कापून थांबत नाहीं. एकामागून एक कापीत जाते. विष इतकें थोडें कां पुरतें, ह्याचें उत्तर येथें मिळालें.

परंतु ह्याच उत्तरांतून दुसरें, अधिक अवघड कोडें निघालें. १८९५ सालच्या डिसेंबरांत बेल्जममधील एलेझेल ह्या गांवीं एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वाजंत्र्यांनीं डुकराचें खारविलेलें मांस खाल्लें. थोड्याच वेळानें एकेकाला एकाच्या दोन वस्तु दिसूं लागल्या, घसा कोरडा पडला, घांस गिळवेना, हातपाय गळाले. तिघे दगावले. व्हॅन अर्मेंगेम ह्यानें त्या मांसांतून जो जंतु शोधून काढला, त्याच्या विषाला आतां बोट्युलिनम म्हणतात. ह्या विषाचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकीं 'बी' प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिनच कापतो, आणि तोही नेमक्या त्याच दोन मण्यांमध्यें. कातर तीच, धागा तोच, छेद तोच. पण एका विषानें शरीर धनुष्यासारखें ताठतें आणि दुसऱ्यानें ओल्या वस्त्रासारखें लुळें पडतें. एकच छेद दोन विरुद्ध रोग कसे उत्पन्न करतो?

ह्याचें उत्तर श्रोत्यांना स्वतःच्या हातावर पाहतां येईल. उजवा हात कोपरांत दुमडून मूठ खांद्याकडे आणावी आणि डाव्या हातानें दंड चांचपावा. पुढचा स्नायु कठीण झालेला लागतो, पण मागचा सैल असतो. तो सैल राहतो म्हणूनच हात दुमडतो. पुढच्या स्नायूला 'आंवळ' असा निरोप जातो, त्याच क्षणीं पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत कांहीं लहान पेशी मागच्या स्नायूच्या तंतूला 'थांब' असा निरोप देतात. तो निरोपही पिशव्यांतूनच सुटतो. ग्लायसिन आणि गाबा हीं त्याचीं द्रव्यें. शरीराचा आवर म्हणजे कामाचा नुसता अभाव नव्हे. तेंही एक काम आहे, त्यालाही पिशवी लागते, वेणी लागते आणि द्वारपाल लागतो.

बोट्युलिनमचें विष स्नायूपाशींच असलेल्या तंतूच्या टोंकांत शिरतें आणि तेथेंच राहून कापतें. 'आंवळ' हा निरोप बंद पडतो आणि स्नायु लुळा होतो. धनुर्वाताचें विषही त्याच दारानें आंत येतें, पण तेथें थांबत नाहीं. तें तंतूच्या आंतून उलट दिशेनें प्रवास करीत मज्जारज्जूपर्यंत चढतें, तेथें बाहेर पडून शेजारच्या 'थांब' सांगणाऱ्या पेशींत शिरतें, आणि मग कातर चालवितें. आवर घालणारा मुका होतो. हांकणारा मोकाट सुटतो. मग दंडाचे पुढचे आणि मागचे, पाठीचे आणि पोटाचे सारे स्नायु एकदमच ओढूं लागतात, आणि पाठीचे बलवान् असल्यामुळें धनुष्य मागें वांकतें. दोन विषांत भेद आहे तो मुक्कामाचा.

ही गोष्ट नीट कळल्यावर माणसानें विषालाही कामाला लावलें. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट ह्यांनीं बोट्युलिनमची अतिसूक्ष्म मात्रा तिरळ्या डोळ्याच्या आखडलेल्या स्नायूंत टोंचून पाहिली, आणि १९८९ सालीं अमेरिकेंत त्या औषधाला मान्यता मिळाली. अर्धांगवायूनंतर घट्ट मिटलेली मूठ, किंवा मेंदूच्या जन्मजात दुखण्यानें ताठलेले बालकाचे पाय, ह्यांना आज ह्याच कातरीनें कांहीं महिन्यांपुरता सैलपणा देतां येतो. महिन्यांपुरताच, कारण पेशी नवीं प्रथिनें घडविते आणि वेणी पुन्हां गुंफली जाते.

धनुर्वातांतून वांचलेला रोगीही असाच हळूहळू, कित्येक आठवड्यांनीं मोकळा होतो. परंतु तोंवर त्याचा श्वास चालू ठेवणें, हेंच वैद्यांपुढील मोठें काम असतें. विष एकदां तंतूच्या आंत शिरलें कीं कोणताही उतारा त्याला तेथें गांठूं शकत नाहीं. उतारा केवळ रक्तांत मोकळें फिरणारें विष निकामी करतो. इतकेंच नव्हे, तर हा रोग होऊन गेला तरी त्याच्यापासून पुढचें संरक्षण मिळत नाहीं. जेवढें विष प्राणांवर बेततें, तेवढें शरीराला ओळख पटण्यास पुरत नाहीं. म्हणून विष येण्यापूर्वीं, लस देऊनच, त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि ती दर दहा वर्षांनीं ताजी करावी लागते.

ह्या ज्ञानाची खरी किंमत बाळंतिणीच्या खोलींत कळते. अस्वच्छ पात्यानें नाळ कापली, किंवा तिच्यावर राख-शेण लावलें, कीं जंतूला वाट मिळते. चार दिवस नीट दूध पिणारें मूल एकाएकीं पिईनासें होतें, त्याचे ओठ आंवळतात आणि अंग ताठतें. १९८८ सालीं जगांत अशीं सुमारें ७ लक्ष ८७ हजार अर्भकें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१८ सालीं हा आंकडा सुमारें २५ हजारांवर आला. गरोदर मातेला लस दिली कीं तिच्या रक्तांतील संरक्षण गर्भाला मिळतें. त्याच्या जोडीला स्वच्छ हात आणि स्वच्छ पातें असलें कीं पुरे होतें. २०१५ सालीं भारतानेंही हा टप्पा गांठला: देशाच्या प्रत्येक जिल्ह्यांत अशा रोग्यांचें प्रमाण हजार जन्मांमागें एकाहून कमी झाल्याचें मान्य करण्यांत आलें.

तरीही हा जंतु देवीच्या रोगाप्रमाणें पृथ्वीवरून नाहींसा होणार नाहीं. तो मातींत आहे आणि मातींतच राहील; प्रत्येक नवीन मुलाची राखण नव्यानेंच करावी लागेल. खिळा लागलेल्या मुलाचें बोट धरून घरांतील माणूस दवाखान्याची पायरी चढतें, तेव्हां सिनॅप्टोब्रेव्हिन हें नांव त्याच्या कानांवरही आलेलें नसतें. परंतु त्या टोंचणीनें त्या चिमुकल्या देहांतील असंख्य वेण्यांचा तो एक धागा अखंड राहतो, आणि 'थांब' म्हणणाऱ्या पेशींचा आवाज शाबूत राहतो. दुसऱ्या दिवशीं तें मूल अंगणांत पुन्हां धांवतें तें त्या दोन्ही निरोपांच्या बळावर: एक पाऊल उचलणारा, आणि दुसरा तें वेळेवर आवरणारा.